बासीतल्या मिठाचं कूळ

फाल्गुन सरला की भिलाई-३ आणि चरोद्याच्या रेल्वे वस्तीत, तशीच दुर्गच्या खेड्यापाड्यांत, सकाळच्या ताटात बासी दिसू लागते. रात्री उरलेल्या भातात पाणी घालून ठेवायचं, घरात पसिया म्हणजे भाताची पेज असेल तर तीही घालायची. सकाळी पाण्याला किंचित आंबूस वास आला की मीठ, कांदा, हिरवी मिरची आणि चटणी घेऊन भात खायचा व उरलेलं पाणी पिऊन टाकायचं. त्याच दिवशी भिजवून खाल्ला तर तो बोरे, रात्रभर मुरला तर बासी. २०२२ साली पाटणचे आमदार आणि छत्तीसगढचे तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी १ मे रोजी, कामगार दिनी, सगळ्यांनी बोरे बासी खावी असं आवाहन केलं. तेव्हापासून या अन्नावर दोनच बाजूंनी बोललं जातं. कोणी त्याला गरिबीची खूण म्हणतं, कोणी छत्तीसगढी अस्मितेची. आंबल्यामुळे त्यात काय काय पोषक तयार होतं, याचीही चर्चा होते. या सगळ्यांत मीठ मात्र तोंडीलावण्यासारखं बाजूला राहतं. माझ्या मते बासीचं खरं कूळ त्या मिठात आणि पिठूळ पाण्यात आहे, आणि तिचे नातेवाईक शोधायचे तर इंग्लंडच्या रेल्वेरुळांवर जावं लागतं.

मे १८९२ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने आपले उरलेले सात फुटी रुंद रूळ एका शनिवार-रविवारात अरुंद केले. चार हजारांहून अधिक मजूर त्या कामावर होते. त्यांना पिण्यासाठी दारू नव्हे, तर ओटचं पीठ आणि साखर कालवलेलं पाणी दिलं गेलं. बोटींच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकणाऱ्यांतही हे ओटचं पाणी रूढ होतं. नुसत्या पाण्याने पोट जड होतं, धान्याचं पाणी अंगी लागतं, एवढाच त्यामागचा अनुभव. शरीरशास्त्राला त्याचं कारण सांगता येत नव्हतं. क्लोद बर्नार यांनी पेशींभोवतालच्या द्रवाला शरीराचं आतलं पर्यावरण म्हटलं होतं, पण ते पर्यावरण भट्टीसमोर कसं ढासळतं हे कोणी तपासलेलं नव्हतं.

ते तपासलं गेलं कोळशाच्या खाणीत. १९२३ च्या सुमारास के. नेव्हिल मॉस यांनी लँकेशायरमधल्या पेंडलटनसारख्या खोल, तापलेल्या खाणींतल्या कामगारांचा अभ्यास केला. त्यांना पोटाच्या आणि हातापायांच्या स्नायूंत असह्य गोळे येत. तोवरचा समज असा की उष्णता किंवा अतिश्रम यांमुळे हे होतं. जे. एस. हाल्डेन यांनी वेगळं निदान केलं. घामातून पाण्याबरोबर मीठ जातं, कामगार मात्र नुसतं पाणी पितो. रक्तातलं सोडियम एका लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल या अरुंद पट्ट्यात राखायची शरीराची धडपड असते. मीठ कमी आणि पाणी जास्त झालं की मूत्रपिंड जादा पाणी बाहेर टाकून ती तीव्रता सावरू पाहतं. म्हणजे तहानलेला माणूस पाणी पितो आणि ते अंगात टिकत नाही. मूत्रपिंडाचा वेग घोटांना पुरा पडला नाही, तर रक्त पातळ होतं आणि गोळे येतात. पिण्याच्या पाण्यात थोडं मीठ घातल्यावर गोळे कमी झाले. वॉल्टर कॅनन यांनी शरीराच्या या स्वयंसंतुलनाला १९२६ मध्ये ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिलं आणि १९३२ च्या ग्रंथातून ते जगभर नेलं. नाव बॉस्टनमधलं, पुरावा मात्र खाणीतला, हे विसरलं जाऊ नये. पुढे सोव्हिएत पोलाद कारखान्यांत भट्टीवरच्या कामगारांना सुमारे अर्धा टक्का मीठ घातलेलं सोड्याचं पाणी देण्याची रीत पडली. १९५५ च्या करारानंतर त्याच देशाच्या मदतीने भिलाईचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी पेटली. तंत्रज्ञांबरोबर हे ज्ञानही आलं असणार असं मी धरून चालतो. ते आलं तेव्हा आजूबाजूच्या गावांतले मजूर घरून बासी खाऊनच कामावर येत असणार.

आता प्रश्न असा की ओटचं पाणी आणि मिठाचं पाणी या दोन वेगळ्या धारा असताना बासीत त्या एकत्र का? याचं उत्तर ऑगस्ट १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं. लहान आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून आत जातात, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. याच वाटेचा उपयोग करून १९७१ च्या बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या लोंढ्यात दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं. त्याआधी, १९५३ मध्ये, हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी कलकत्त्यात असा उपाय वापरून ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. नंतर साखरेच्या जागी तांदळाचं पीठ घेऊन केलेलं पाणीही पटकीत उपयोगी ठरलं. पिठूळ पदार्थ आतड्यात हळूहळू ग्लुकोज सोडतो, त्यामुळे द्रावण एकदम दाट होत नाही. म्हणजे तांदूळ, पाणी आणि मीठ हा बासीचाच मेळ.

इथे जाणता वाचक अडवेल. अतिसार वेगळा, घाम वेगळा. घामाघूम झालेल्याचं आतडं तर धडधाकट असतं. खरं आहे, पण दार तेच आहे, आणि भर उन्हात काम करणाऱ्याला पाणी लवकर आत जायला हवं असतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. उन्हाची सवय झालेल्या माणसाच्या घामात मीठ फार कमी असतं. १९५३ मध्ये सापडलेलं अल्डोस्टेरॉन घामग्रंथींना आणि मूत्रपिंडाला मीठ राखायला लावतं. नवख्याच्या एक लिटर घामात दोन-तीन ग्रॅम मीठ जातं, सवय झालेल्याच्या घामात एक ग्रॅमच्या आसपास. मग पिढ्यान्‌पिढ्या उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याला खारट बासी कशाला? पण ही सवय जन्मभराची नसते. ती एक-दोन आठवड्यांत अंगी बाणते आणि थंडीत सुटते, म्हणजे दर उन्हाळ्याच्या तोंडाशी प्रत्येक अंग पुन्हा नवखं होतं. बासीचा जोर चैत्राकडे वाढावा, हे म्हणूनच मला अर्थपूर्ण वाटतं. काही घरांत ती बाराही महिने खातात, हे मात्र माझ्या मताविरुद्ध जातं. तिथे उरलेला भात वाया न घालवणं हे कारण मोठं मानावं लागेल.

बासी ओडिशाच्या पखाळाकडून, म्हणजे तिथल्या पाण्यात मुरवलेल्या भाताकडून, आली असंही म्हटलं जातं. मला ते पटत नाही. बंगालचा पांता, बस्तरची मडिया म्हणजे नाचणीची पेज, कोकणातली मीठ घालून प्यायची पेज, विदर्भ-मराठवाड्यातली ज्वारीची आंबील ही एकाच गरजेची स्वतंत्र उत्तरं आहेत. मडिया आणि ज्वारी तर भातच नव्हे, म्हणजे उधारी झाली असं धरलं तरी ती पदार्थाची नव्हे. (जे. एस. हाल्डेन यांचे पुत्र जे. बी. एस. यांनी भारतात येऊन शेवटची वर्षं याच पखाळाच्या मुलखात, भुवनेश्वरला काढली. वडिलांच्या मीठपाण्याचे नातेवाईक त्यांच्या अवतीभवती होते.) बासीत दोन गोष्टी महत्त्वाच्या. भात ताजा रांधायचा नाही, आणि पाणी टाकायचं नाही. पण कुकरमध्ये भात बेताच्या पाण्यात शिजतो, त्यामुळे शहरातल्या स्वयंपाकघरात भिजवणीत घालायला पसिया उरतच नाही. मीठ मात्र तेवढंच राहतं. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याच्या अंगातून फारसा घाम जात नसल्याने ते रक्तदाबाला त्रासदायक ठरू शकतं. भट्टीवरच्या आणि शेतावरच्या माणसासाठी हा हिशेब उलटा आहे.