दीड फुटांवरची धार

आजीच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी धुळ्याच्या घरूनच काम करत होतो. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण मागच्या मोरीच्या दोन पायऱ्या तिला उतरता येईनात. हात धुवायचे म्हणजे आईने तांब्याने पाणी घालायचं आणि खाली घमेलं धरायचं. आठवड्याभरात आजीने कळण्याची भाकरी बंद केली. खिचडी दे म्हणाली, चमच्याने खाते. हात भरायला नकोत, कुणाला उठवायला नको. भाकरी चमच्याने खाता येत नाही, एवढंच त्यामागचं कारण होतं हे कळायला मला आणखी दोन दिवस लागले.

म्हणून सिंक करायला घेतलं. जुन्या शिलाई मशीनचं लोखंडी स्टँड, त्यात स्टीलचं बेसिन, खाली सांडपाण्याची बादली, चार चाकं. हे एका दुपारीत झालं. पाणी वाहतं करायला मात्र तीन आठवडे लागले.

आजीच्या खोलीत पाइपलाइन नाही आणि मातीची भिंत फोडायला घरात कुणी तयार नव्हतं. मग वीस लिटरचा जार बेसिनच्या वर ठेवायचा, त्याला मामाच्या केळीच्या शेतातली सोळा मिलिमीटरची काळी नळी आणि ठिबकचाच कॉक जोडायचा, असं ठरलं. जळगाव जिल्ह्यात मामा असला की पाइप विकत घ्यावा लागत नाही.

पहिली धार आली ती करंगळीएवढी. गच्चीवरची टाकी नळापेक्षा वीस फूट उंच, माझा जार दीड फूट. दाब उंचीवर ठरतो, जार किती मोठा यावर नाही. म्हणजे माझ्याकडे गच्चीच्या तेराव्या हिश्शाएवढाच दाब. जार आणखी वर नेला तर धार सुधारेल, पण मग वीस किलोचं वजन आईला खांद्याच्या वर उचलावं लागेल. इथे मी अडकलो, आणि अडकलेला इंजिनिअर जे करतो ते केलं : आधी हे कुणी कसं सोडवलं ते शोधत बसलो.

त्यासाठी फार लांब जावं लागलं नाही. आमच्या पांझरेवरच उत्तर होतं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत तीन-चारशे वर्षं जुनी मानतात. शाळेत ती दोन ओळींत उरकली होती, म्हणून मला ती 'जुन्या काळचे बंधारे' एवढीच माहीत होती. खरी गंमत उतारात आहे. नदी जितक्या उताराने खाली जाते त्यापेक्षा कमी उताराने पाट काढायचा. बंधारा पाणी थोडंसंच उचलतो, पण पाट काठाकाठाने सावकाश चालतो आणि नदी तेवढ्यात खाली उतरून गेलेली असते. काही अंतर गेल्यावर पाट शेतांच्या वर आणि नदी पार खाली. पाणी कुणी उचललंच नाही, फक्त त्याला लवकर खाली जाऊ दिलं नाही. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून वाफे, उरलेलं पाणी सांडव्यातून परत नदीला. ना मोट, ना बैल.

त्यातली माणसांची व्यवस्था तर मला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा भारी वाटली. भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असलं की पूर्ण फड कोरडा राहील, एकट्यादुकट्याचं शेत नाही. आणि शेतकऱ्याने स्वतः चारी फोडायची नाही. पाणी देणार पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचा मोबदला पिकात. वाहतं पाणी सगळ्यांचं असलं तरी दार उघडणारा हात एकच.

याच पांझरेवर १८८४ साली एक नवखा असिस्टंट इंजिनिअर आला. आदल्याच वर्षी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून पहिला आलेला, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागल्यावर खानदेशात त्यांना जी सुरुवातीची कामं मिळाली त्यात पांझरेच्या एका प्रवाहाखालून पाइपचा सायफन काढण्याचं काम होतं. सायफन म्हटलं की आपल्याला गाडीतून पेट्रोल ओढणारी नळी आठवते. ती वर चढून खाली उतरते, तोंडाने ओढून सुरू करावी लागते आणि आत हवा शिरली की मरते. इथला सायफन उलटा : पाणी एका काठावरून पाइपात शिरतं, नदीच्या तळाखाली बुडी मारतं आणि पलीकडे वर येतं. पलीकडचं तोंड अलीकडच्यापेक्षा थोडं खाली असलं की झालं. मधे किती खोल गेलं याची पाण्याला फिकीर नसते.

कागदावर हे सोपं आहे. पण पावसाळा सुरू झाला, पूर आला, खोदलेलं पुन्हा गाळाने भरलं. त्यांनी वरिष्ठांना लिहिलं की काम पावसाळ्यानंतर करावं. उत्तर आलं ते शिस्तीची आठवण करून देणारं. मग त्यांनी भर पावसाळ्यात ते काम पुरं केलं. प्रत्येक इंजिनिअर्स डेला त्यांच्या फोटोला हार घालताना हा प्रसंग कुणी सांगत नाही, सांगतात ते खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे. मला मात्र डेडलाइन पुढे ढकला म्हणून मेल पाठवणारा तेवीस वर्षांचा पोरगा जास्त जवळचा वाटतो. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी 'ब्लॉक पद्धत' मांडली : भिजणारी जमीन विखुरलेली न ठेवता ठराविक गटांत आणायची आणि पिकं आळीपाळीने फिरवायची. ती वाचताना मला फडच दिसतो. पुरावा माझ्याकडे नाही, पण पांझरेकाठी काम केलेल्या माणसाने फड पाहिला नसेल असं वाटत नाही.

दरम्यान माझ्या सिंकचा वेगळाच प्रश्न झाला होता. धार थोडा वेळ चालायची, मग गुडगुड करत थांबायची. दोन दिवस कॉक बदलले, गाळणी साफ केली. चूक झाकणात होती. जार घट्ट बंद, पाणी बाहेर जाईल पण त्याच्या जागी हवा कुठून येणार? झाकणाला खिळ्याने भोक पाडलं आणि बऱ्हाणपूर आठवलं.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण खानदेशच्या फारुकी सुलतानांची ती राजधानी. मोगलांच्या काळात, १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाने तिथे पाणीपुरवठा उभारला, आखणी तबकतुल अर्ज या फारसी जाणकाराची. सातपुड्याच्या पायथ्याचं भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने शहरात. वर ओळीने शंभराहून जास्त कुंड्या. कॉलेजात असताना मी तिथे लिफ्टने खाली उतरलोय. वर मे महिना, खाली गुडघाभर गार पाणी, आणि डोक्यावर आकाशाचा गोल तुकडा. गाइडने सांगितलं तेव्हा मी फोटो काढत होतो; त्या कुंड्यांतून आत उजेड, हवा आणि दुरुस्तीला माणूस जातो हे मला खिळा हातात असताना नीट कळलं.

पण एक गोष्ट यातल्या कशानेही सुटली नाही. पांझरेला उंची सह्याद्रीने दिली, बऱ्हाणपूरला सातपुड्याने. आजीच्या जारला ती आईच देणार होती. बारा व्होल्टचा पंप मागवून पाहिला. चालला, पण रात्री तो घरघरला की आजी दचकून उठायची, आणि चार्जिंग विसरलं की पुन्हा तांब्या. शेवटी वीस लिटरचा जार काढून टाकला. पाच लिटरचे तीन कॅन, प्रत्येकाच्या झाकणाला भोक, एक संपला की दुसरा. धार करंगळीएवढीच ठेवली. ठिबकच्या गावात वाढून मी मोठी धार का मागत होतो, कोण जाणे. सांडपाण्याची बादली तेवढी पंधरा लिटरपेक्षा मोठी लागते, हे फरशी दोनदा पुसून समजलं.

कॅन मी भरतो, मी पुण्याला गेलो की आई. पाच किलो ती एका हाताने ठेवते. आजी भाकरी खायला लागली. फक्त कॉक उघडून थेट हात धुवत नाही. आधी तांब्या धारेखाली धरते, भरू देते, मग तांब्यातून स्वतःच्या हातावर पाणी घेते. धार यायला वेळ लागला की आतून विचारते, "पानी उनं का रे?"