मेंदूची साक्ष

माझ्या लहानपणी लालबागच्या आमच्या चाळीत एक कुत्रा शेजारच्या मुलाला चावला. पहिल्या पाळीहून परतलेल्या गिरणी कामगारांनी काठ्यांनी त्याचे डोके ठेचले. ‘ब्याद टळली’, सगळे म्हणाले. पण कुत्रा पिसाळलेला होता का, हे सांगणारा साक्षीदारच त्यांनी संपवला होता: त्याचा मेंदू! मुलाला पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली.

याचा अर्थ मला पुढे परळला पशुवैद्यक शिकताना उमगला. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या पशुरुग्णालयाच्या आधाराने १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. त्या काळी पिसाळलेल्या कुत्र्याची कवटी उघडली तरी नुसत्या डोळ्यांना खात्रीची खूण सापडत नसे. ती १९०३ साली इटलीतल्या पाव्हियात आदेल्की नेग्री यांना सूक्ष्मदर्शकाखाली सापडली. चेतापेशींतले ते गोल, लांबट कण त्यांना रोगाचे जंतूच वाटले. तो तर्क चुकला, कारण रोग विषाणूचा. पण खूण खरी ठरली.

मेंदूत ‘हिपोकॅम्पस’ हा मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला भाग असतो. त्याचा ठसा काचपट्टीवर घ्यायचा, सेलरचा रंग द्यायचा, की निळसर पेशीत किरमिजी ठिपका उठून दिसतो. आमचे सर बजावत, ‘‘दिसला तर रेबीज. दिसला नाही, तर ‘नाही’ म्हणू नका.’’ कारण काही पिसाळलेल्या जनावरांत हे कण आढळतच नाहीत. म्हणूनच १९५८ साली मेंदूतील विषाणू चमकवून दाखवणारी प्रतिदीप्ती चाचणी आली, तेव्हा तिने या ठिपक्याची जागा घेतली.

दैवाचा खेळ पाहा. पोटातली ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून होई आणि क्वचित घेणाऱ्याच्याच मेंदूला, मज्जारज्जूला इजा करी. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आताची लस दंडात देतात.

म्हणून सांगतो, कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि तपासणीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. कुत्र्याचे डोके मात्र ठेचू नका.

आमच्या चाळीतला तो मुलगा वाचला. कुत्रा खरेच पिसाळलेला होता का, हे मात्र आजही कुणाला ठाऊक नाही.