मोडी पत्राचे बाह्यांग : कागद, बोरू आणि हात यांचे साधनमूल्य

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत पत्रांचे स्थान सर्वांत वरचे आहे, ही गोष्ट आता निराळी सिद्ध करीत बसण्याचे कारण उरलेले नाही. १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून बखरीची सत्ता ओसरली आणि अस्सल पत्राची सत्ता सुरू झाली. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तर उजेडात आणले, द. ब. पारसनीस यांनी संग्रह केले, गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग छापून निघाले. या परिश्रमांवाचून मराठ्यांच्या इतिहासाचे आजचे ज्ञान संभवलेच नसते. तथापि या उपकाराबरोबर एक तोटाही पदरी आला आहे. मोडीतील पत्र बालबोधीत छापले गेले की वाचकाच्या हाती त्याचा मजकूर येतो, पण पत्र येत नाही. पत्र ही एक वस्तू होती. ती विशिष्ट कागदावर, विशिष्ट शाईने, विशिष्ट माणसाच्या हाताने घडलेली होती, या गोष्टीचा हळूहळू विसर पडतो. पत्र कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि ते खरे की बनावट, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा मजकुरात नसून या वस्तूत असतात. म्हणून पत्राच्या बाह्यांगाचा विचार हा केवळ हौसेचा विषय नसून साधनचिकित्सेचा आवश्यक भाग होय.

प्रथम लेखनसाहित्याचा विचार करू गेल्यास असे दिसते की, मराठी कारभारात लेखन ही एक स्वतंत्र व सन्मानित विद्या मानली जात होती. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात लेखनविषयक शब्दांना स्वतंत्र वर्ग दिलेला आहे. त्याच शतकात समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणास वाहिला. अक्षर वाटोळे, मोकळे व काळेभोर असावे, पहिल्या अक्षराचे वळण ग्रंथाच्या शेवटापर्यंत टिकावे, लेखण्या, शाई व कागद यांची निगा राखावी, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. सुंदर अक्षराचा आनंद हा त्या काळी साक्षर समाजाच्या अभिरुचीचा भाग होता, हे त्यावरून स्पष्ट होते. मात्र समर्थांचा उपदेश पोथीच्या बालबोध अक्षराला उद्देशून आहे. दप्तराची गरज निराळी होती. पोथी सावकाश लिहावयाची आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचावयाची. पत्र तातडीने लिहावयाचे आणि जासुदाच्या हाती द्यावयाचे. या तातडीतूनच मोडीचे रूप घडले.

मोडी लिहिणारा प्रथम कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग त्या रेघेखाली, हात शक्य तितका कमी उचलीत, अक्षरांची साखळी गुंफीत जाई. शब्दाशब्दांत अंतर नसे, विरामचिन्हे नसत, आणि इकार-उकारांचा ह्रस्वदीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नसे. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांतील निवड लिहिणाऱ्याने केलेली नसते; ती वाचणाऱ्याला संदर्भावरून करावी लागते. याचा अर्थ असा की, छापील पत्रातील पदच्छेद, स्वल्पविराम व पूर्णविराम हे सर्व संपादकाचे वाचन आहे. ते बहुधा बरोबर असते. पण जेथे एखाद्या वादाचा निर्णय एका शब्दावर अवलंबून असतो, तेथे ते वाचन म्हणजे पुरावा नव्हे, तर पुराव्याचा एक अर्थ होय.

लेखणी बोरूची असे. बोरूचे टोक चाकूने तिरपे कापीत, आणि त्या कापाच्या रुंदीवर व तिरकसपणावर रेषेची जाडी ठरे. प्रत्येक कारकून आपला बोरू आपल्या हाताच्या ठेवणीप्रमाणे करून घेई. त्यामुळे एकाच फडातील दोन कारकुनांची अक्षरे, वळण एकच असूनही, जाणत्या डोळ्याला वेगळी ओळखू येतात. शाई मुख्यतः काजळ आणि डिंक यांची. काजळ हे कोळशाचेच सूक्ष्म रूप असल्याने त्याचा रंग प्रकाशाने उडत नाही आणि कागद खात नाही. अडीचशे वर्षांपूर्वीचे पत्र आजही काळेभोर दिसते याचे कारण हेच. ओल मात्र या शाईची वैरी आहे. पाणी लागले की डिंक सुटतो आणि अक्षर पसरते. कागद हातबनावटीचा. दौलताबादेजवळील कागजीपुरा आणि जुन्नर ही त्याची नामांकित ठिकाणे. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा हे नावही या धंद्याची आठवण देते. कागदाला खळ देऊन तो दगडाने घोटीत, म्हणून त्यावर बोरू अडखळत नसे आणि शाई फुटत नसे. मजकूर लांबला तर एका बंदाला दुसरा बंद चिकटवीत आणि सांध्यावर मागील बाजूस शिक्का उमटवीत, म्हणजे मधलाच एखादा बंद काढून तेथे दुसरा घालणे अशक्य होई. राजपत्राच्या शेवटी उठविलेले मोर्तबही याच हेतूचे होते. मजकुराची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, असा त्याचा अर्थ. सांध्यावरचा शिक्का किंवा मोर्तबाची नेमकी जागा छापील प्रतीत दिसत नाही. फार तर 'मोर्तब सुद' एवढे शब्द दिसतात.

पत्राची मांडणीदेखील अशीच बोलकी आहे. माथ्यावर 'श्री', त्यानंतर मायना, मग क्षेमसमाचार, 'विशेष' या शब्दाने आरंभ होणारा मुख्य मजकूर आणि शेवटी 'बहुत काय लिहिणे' यांसारखा समारोप, हा क्रम शिकविण्यासाठी मेस्तके नावाचे लेखनाचे नमुनेग्रंथ प्रचारात होते. कोणास नमस्कार लिहावा, कोणास आशीर्वाद, कोणापुढे 'विनंती' म्हणावे आणि कोणास 'जाणिजे' म्हणून आज्ञा करावी, हे ठरलेले असे. म्हणून मायन्यात झालेला लहानसा बदलही राजकीय बदलाची खूण ठरू शकतो. पुष्कळ छापील संग्रहांत जागा वाचविण्यासाठी मायने संक्षेपाने दिलेले असतात. संपादकाला जो भाग निव्वळ औपचारिक वाटतो, तोच दरबारी मानमरातबाच्या अभ्यासकाला हवा असतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न कालनिर्णयाचा आहे. सनदा व आज्ञापत्रे यांत शुहूर सन अरबी अंकशब्दांनी दिलेला असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१, अर्थात इ. स. १७६०-६१, पानिपतचे वर्ष. पण खासगी आणि राजकारणी पत्रांत बहुधा तिथी किंवा चंद्र एवढेच असते, वर्ष नसते. ज्याला पत्र पाठवावयाचे त्याला वर्ष ठाऊकच होते! अशा पत्राचे वर्ष ठरविताना अभ्यासक मजकुरातील प्रसंगांचा आधार घेतात, आणि पुष्कळदा ज्या घटनेचा काळ पत्रावरून ठरवावयाचा तिच्याच आधारे पत्राचा काळ ठरविण्याचा दोष घडतो. या चक्रातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे अक्षर. चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी वळणे सांगितली जातात. अमुक कारकून अमुक काळी अमुक फडात होता हे इतर सालवार कागदांवरून कळले, तर त्याच्या हातचे बिनवर्षाचे पत्र त्या काळाच्या चौकटीत बसविता येते.

दुसरा मार्ग पैवस्तीचा. पत्र पोहोचल्यावर ते मिळाल्याचा चंद्र किंवा तिथी त्यावर नोंदविण्याची चाल होती. पत्राची मिती आणि पैवस्तीची मिती यांतील अंतरावरून जासुदाने किती दिवसांत मजल मारली हे तर कळतेच. शिवाय एखादी वार्ता राज्यकर्त्याला नेमकी केव्हा कळली हेही निश्चित होते. १७६०च्या अखेरीस पानिपतावर कोंडल्या गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या अडचणीची कल्पना नानासाहेब पेशव्यांस केव्हा आली, यावर त्यांच्या दिरंगाईचा न्यायनिवाडा अवलंबून आहे. येथे पत्र केव्हा लिहिले याला दुय्यम महत्त्व आहे. ते केव्हा पोहोचले हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या हाताने लिहिलेल्या त्या एका लहानशा ओळीत असते.

तिसरा प्रश्न लेखकाचा. मजकूर कारकुनाने लिहावा आणि धन्याने त्याखाली आपल्या हाताने चार शब्द जोडावेत, हा प्रकार मराठी पत्रव्यवहारात आढळतो. कारकुनाच्या अक्षरात जे लिहिले ते दरबारचे. दस्तुरखुद्द जे लिहिले ते मनातले, असा स्थूल भेद करता येईल. छापताना दोन्ही हात एकाच टंकात येतात. संपादकाने तळटीप दिली तरच वाचकाला भेद कळावयाचा.

हाताचे महत्त्व किती, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 'ध चा मा' हे होय. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वध केला. रघुनाथरावांनी गारद्यांस दिलेल्या आज्ञेत 'धरावे' असे होते, ते पालटून 'मारावे' असे करण्यात आले, ही हकीकत ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात नोंदविली आहे. आणि हा पालट आनंदीबाईंनी केला असा लोकप्रवाद रूढ झाला. एका स्त्रीची दोनशे वर्षांची अपकीर्ती एका अक्षरावर उभी आहे. आता या प्रश्नाची चिकित्सा कशी करावयाची? त्या अक्षराची शाई शेजारच्या अक्षरांच्या शाईहून निराळी आहे काय, बोरूची रुंदी बदलते काय, काना मागाहून कोंबलेला दिसतो काय, रेघेखालची साखळी तेथे तुटते काय, हे प्रश्न मूळ कागदालाच विचारता येतात. कोणत्याही छापील पुस्तकाला त्यांचे उत्तर देता येणार नाही. म्हणून ती गोष्ट कितीही वेळा छापली गेली तरी तिचे प्रामाण्य तसूभरही वाढत नाही.

कागदांच्या सत्यतेचा प्रश्न केवळ राजवाड्यापुरता नव्हता. पेशवाई बुडाल्यावर जुनी दप्तरे जतन झाली ती इतिहासप्रेमामुळे नव्हे, तर जमिनींच्या हक्कांसाठी. १८५२च्या ११ व्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनाने वतने व इनामे यांच्या सनदा तपासल्या, आणि पुष्कळ कुटुंबांचे भवितव्य त्यांच्या घरच्या कागदाची दप्तरातील नोंदीशी गाठ पडते की नाही यावर ठरले. अस्सल आणि बनावट यांचा भेद हा त्यांच्या दृष्टीने पोटापाण्याचा प्रश्न होता.

इंग्रजी अमदानीत लेखनसाहित्य पालटले. बोरूच्या जागी धातूच्या टोकाचा टाक आला, हातकागदाच्या जागी गिरणीचा कागद आला, आणि मोडीचे वळणही बदलून आंग्लकालीन मोडी म्हणून ओळखले जाऊ लागले. १८५४ साली सर्व हिंदुस्थानासाठी टपालतिकिटे निघाली आणि १८७९ साली पोस्टकार्ड निघाले. कार्डाच्या तोकड्या जागेत जुना मायना मावणे शक्य नव्हते. परंतु शब्दांचे संक्षेप करण्याची मोडी कारकुनाची जुनी सवय येथे उपयोगी पडली, आणि 'ती. स्व.', 'चि.', 'सा. न. वि. वि.' ही रूपे घरोघर नांदू लागली. त्यांत मेस्तकांतील मायन्याचाच सांगाडा शिल्लक आहे. पुढे झरणी आली. तिच्या अनेक शाया रंगद्रव्याच्या असल्याने उजेडात फिक्या पडतात. त्यामुळे विसाव्या शतकातील पत्र अठराव्या शतकातील पत्राच्या आधी दिसेनासे होण्याचा संभव आहे. तेव्हा जतनाची निकड जुन्याच कागदांना आहे असे समजणे चुकीचे ठरेल.

१९१७ साली मुंबई सरकारने कारभारात मोडीऐवजी बालबोधीचा स्वीकार केला आणि काही दशकांत मोडी शाळांतूनही गेली. २०१४ साली संगणकाच्या युनिकोड संकेतप्रणालीत मोडीचा समावेश झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण संगणकावरील मोडी अक्षर दर वेळी एकसारखेच उमटते. त्यामुळे लिपीची ओळख होते, हाताची होत नाही. पुणे येथील पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले लक्षावधी कागद अद्याप अप्रकाशित आहेत, आणि ते वाचू शकणाऱ्यांची संख्या त्यांच्या मानाने फारच थोडी आहे.

या परिस्थितीत तीन गोष्टी करण्यासारख्या आहेत. यापुढे प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या पत्राबरोबर त्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र द्यावे. हात बदलतो ती जागा, पैवस्ती, शिक्के, बंदांची संख्या आणि कागदाची जात यांची नोंद संपादकाने न चुकता करावी. आणि मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने मोडी केवळ वाचावयास न शिकता बोरू कापून, रेघ ओढून, काही दिवस लिहूनही पाहावी. हात कोठे वळतो, कोठे अडतो आणि शाई कोठे संपते हे ज्याने स्वतः अनुभवले आहे, त्याला दुसऱ्याचा हात कागदावर ओळखणे पुष्कळच सुलभ जाते.