सॅडलबॅगमध्ये काय असावे?

रोड सायकलच्या सीटखाली मागच्या बाजूला एक छोटी पिशवी पट्ट्यांनी बांधलेली दिसते. तिला सॅडलबॅग म्हणतात. तिच्यात साधारण अर्धा ते एक लिटर सामान मावते, म्हणजे एका पाण्याच्या बाटलीइतके. पुण्यातून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्याकडे ती नसली तरी फारसे अडत नाही. वाटेत रिक्षा मिळते, नाहीतर घरून कोणाला तरी बोलावता येते. पण कात्रज, खंबाटकी आणि पसरणी असे तीन घाट चढून महाबळेश्वरला निघालेल्या किंवा रात्रभर सायकल चालवणार असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. पहाटे तीन वाजता टायर बसला, तर पुढे जायचे की उजाडेपर्यंत रस्त्याकडेला बसायचे, हे या पिशवीत काय आहे त्यावर ठरते.

पिशवी लहान असल्यामुळे निवड करावी लागते आणि नवे सायकलस्वार इथेच चुकतात. इंटरनेटवरच्या लांबलचक याद्या वाचून ते पिशवी गच्च भरतात, आणि नेमके लागणारे घरी राहते. निवडीसाठी एक साधा निकष पुरतो. जे रस्त्यावर मिळते ते न्यायचे नाही, जे मिळत नाही ते विसरायचे नाही. महाराष्ट्रातल्या हमरस्त्यांवर चहा, वडापाव, बाटलीबंद पाणी, बिस्किटे आणि पंक्चरचे दुकान काही किलोमीटरवर सापडतेच. रोड सायकलची ट्यूब मात्र शहर सोडले की मिळत नाही. तिच्या चेनची कडी आणि गिअरचे भागही मिळत नाहीत.

पंक्चरवाला आहे, पण व्हॉल्व्ह बसत नाही

रस्त्याकडेचा पंक्चरवाला रोड सायकलवाल्याच्या कामी का येत नाही, याचे उत्तर व्हॉल्व्हमध्ये आहे. सायकलच्या ट्यूबला तीन प्रकारचे व्हॉल्व्ह असतात. आजोबांच्या काळ्या सायकलला असतो तो डनलॉप किंवा वुड्स व्हॉल्व्ह. मोटारसायकल, कार आणि बऱ्याच जाड टायरच्या सायकलींना असतो तो श्रेडर. रोड सायकलला असतो तो प्रेस्टा. तो पेन्सिलीपेक्षा बारीक असतो आणि त्याच्या टोकाला एक इवलासा नट असतो. हवा भरण्याआधी तो नट सैल करून एकदा दाबावा लागतो. दुकानातल्या कॉम्प्रेसरचे तोंड श्रेडरसाठी बनवलेले असते, त्यामुळे ते प्रेस्टावर बसत नाही.

यावर उपाय आहे तो नखाएवढ्या पितळी ॲडाप्टरचा. तो प्रेस्टावर पिळून बसवला की बाहेरून श्रेडर होतो आणि कोणत्याही पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरच्या दुकानात हवा भरता येते. वजन नगण्य, किंमतही किरकोळ, तरी बहुतेकांच्या पिशवीत तो नसतो. तो वापरताना एक काळजी घ्यावी लागते. रोड सायकलच्या ट्यूबमध्ये हवा फार थोडी मावते आणि ट्रकची चाके भरणारा कॉम्प्रेसर ती क्षणात फोडू शकतो. म्हणून हवा थोडी थोडी सोडायला सांगावे आणि मधूनमधून टायर बोटाने दाबून पाहावा.

ट्यूब घेताना व्हॉल्व्हची लांबीही पाहावी लागते. साध्या रिमला ४० मिलिमीटरचा व्हॉल्व्ह पुरतो. खोल कार्बन रिम असेल तर ६० किंवा ८० मिलिमीटरचा लागतो. मित्राकडून उसनी घेतलेली ट्यूब मापाची असूनही व्हॉल्व्ह रिमच्या बाहेर पोचत नाही, हा प्रकार समूहाने निघालेल्या स्वारीत नेहमी घडतो.

पंक्चर झाल्यावर

लांबच्या स्वारीतला सर्वांत नेहमीचा बिघाड म्हणजे पंक्चर. त्यासाठी पिशवीत दोन ट्यूब, टायर काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर, ठिगळांचा संच आणि हवा भरायचे साधन असावे. रस्त्यावर ठिगळ लावत बसण्यापेक्षा ट्यूब बदलणे सोपे असते. ठिगळे तिसऱ्या पंक्चरसाठी राखून ठेवायची. सोल्यूशनची नळी एकदा उघडली की काही महिन्यांत आतून सुकते. दोन वर्षांपूर्वीचा संच पिशवीत आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्याला ती दाबल्यावर हवाच मिळते.

ट्यूब बदलण्याआधी आधीच्या ट्यूबला भोक कुठे पडले ते पाहणे फार महत्त्वाचे असते, आणि घाईत हेच राहून जाते. शेजारी शेजारी दोन भोके दिसली तर खड्ड्याच्या कडेवर आदळून ट्यूब रिममध्ये चिमटली आहे, म्हणजे हवा कमी होती. भोक आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकून स्पोकचे तोंड लागले आहे. बाहेरच्या बाजूला एकच भोक असेल तर काटा, काच किंवा तार. ती वस्तू बहुतेक वेळा टायरमध्येच रुतून राहिलेली असते.

आपल्याकडे गावरस्त्यांवर बाभळीचे काटे असतात. महामार्गाच्या कडेला त्याहून त्रासदायक असतात त्या ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेल्या केसाइतक्या बारीक पोलादी तारा. त्या बाहेरून दिसत नाहीत. टायरच्या आतून बोट किंवा रुमाल हलकेच फिरवला की टोचतात. ती तार न काढता नवी ट्यूब घातली, तर दुसरे पंक्चर काही मिनिटांत होते आणि मग हातात ट्यूब उरत नाही. अनुभवी लोक टायरवरचे कंपनीचे नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असा टायर बसवतात. ट्यूबवरचे भोक सापडले की टायरवर तार कुठे असेल, हे त्यावरून लगेच कळते.

टायरच चिरला असेल तर ट्यूब त्या चिरेतून फुग्यासारखी बाहेर येते. त्यासाठी जुन्या टायरचा दोन बोटे रुंदीचा तुकडा पिशवीत ठेवावा आणि आतून लावावा. टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा तुकडाही चालतो.

हवेसाठी छोटा हातपंप की कार्बन डायऑक्साइडची नळकांडी, यावर सायकलस्वारांत वाद चालूच असतो. १६ ग्रॅमचे नळकांडे एक ट्यूब काही सेकंदांत भरते, पण चुकले की संपले. त्यातला वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, म्हणून घरी पोचल्यावर चाक पुन्हा भरावे लागते. भरताना नळकांडे इतके थंड होते की उघड्या हाताने धरवत नाही. हातपंपाने दोनशेहून अधिक झटके मारावे लागतात आणि दंड भरून येतात, पण तो संपत नाही. एकट्याने, रात्री, दूर जाणाऱ्याने पंपच न्यावा. नळकांडे हवे तर सोबत.

ट्यूबलेस टायर वापरणाऱ्यांचा समज असतो की त्यांना यातले काही लागत नाही. त्यातला द्रव बारीक भोके खरोखर बुजवतो. पण तो काही महिन्यांत सुकतो, आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच, आणि मोठी चीर त्याच्या आवाक्यात नसते. त्यामुळे एक ट्यूब त्यांनाही न्यावीच लागते.

चेन, हँगर आणि चिकटपट्टी

पंक्चरनंतर क्रम लागतो चेनचा. घाटात उभे राहून जोर लावताना गिअर बदलला की ती तुटू शकते. त्यासाठी चेन तोडायचे साधन असलेला मल्टिटूल आणि एक सुटी जोडकडी लागते. ही कडी आपल्या गिअरच्या संख्येची हवी. अकरा गिअरच्या चेनला दहाची कडी बसत नाही.

मागचा गिअर सायकलच्या सांगाड्याला एका मऊ धातूच्या पट्टीने जोडलेला असतो. तिला हँगर म्हणतात. सायकल उजव्या अंगावर पडली तर सांगाडा वाचावा म्हणून हीच आधी वाकावी किंवा तुटावी, अशी तिची रचना असते. अडचण ही की तिचे आकार शेकड्यांनी आहेत आणि एका सायकलचा हँगर दुसरीला सहसा चालत नाही. मोठ्या शहरातही तो मागवावा लागतो. म्हणून सायकल घेतानाच एक जादा हँगर घेऊन तो पिशवीच्या तळाशी कायमचा टाकून द्यावा. तो नसेल तर मोडलेला गिअर बाजूला करायचा, चेन आखूड करायची आणि एकाच गिअरवर घरी यायचे. हेही मल्टिटूलवर जमते, पण आधी कधीतरी करून पाहिलेले असेल तरच.

बाकीचे किरकोळ, म्हणजे चार-पाच प्लास्टिकचे टाय, पंपाला गुंडाळलेली थोडी इन्सुलेशन टेप आणि पातळ हातमोज्यांचा जोड. हे सगळे पिशवीत भरताना ट्यूब प्लास्टिकमध्ये किंवा जुन्या मोज्यात गुंडाळावी. मल्टिटूलशेजारी महिनोन्महिने घासत राहिलेल्या नव्या कोऱ्या ट्यूबला आपोआप भोक पडते आणि ते कळते ते नेमके रस्त्यावर.

मदत घ्यायची नाही, असा नियम

स्वावलंबन हा काही सायकल प्रकारांत नियमच आहे. त्यांत सर्वांत परिचित प्रकार म्हणजे ब्रेवे, अर्थात बीआरएम. पॅरिसमधला ऑडॅक्स क्लब पारिझियाँ हा १९०४ मध्ये स्थापन झालेला क्लब त्याचे जागतिक नियमन करतो. भारतात ऑडॅक्स इंडियामार्फत ब्रेवे होतात आणि महाराष्ट्रातही त्यात मोठ्या संख्येने लोक उतरतात. ही शर्यत नसते, वेळेत पोचायचे असते. २०० किलोमीटरना साडेतेरा तास, ३०० ना २०, ४०० ना २७ आणि ६०० ना ४० तास मिळतात. या चारही एका हंगामात पूर्ण करणाऱ्याला ‘सुपर राँदोनर’ म्हणतात. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा असतो. काही वेळा वेळ छापलेली एटीएमची पावतीही पुरावा म्हणून चालते. मात्र मागून गाडी आणता येत नाही. ओळखीच्यांची मदत घ्यायची तर ती फक्त या ठरलेल्या ठिकाणी. दुकानातून काही विकत घ्यायला मनाई नसते.

याउलट ‘रेस अक्रॉस अमेरिका’सारख्या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या शर्यतीत सहायकांचा ताफा गाड्यांसह सोबत असतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ती पूर्ण केली, तेव्हा जेवण, दुरुस्ती आणि रस्ता दाखवणे हे काम त्यांच्या चमूकडे होते. ब्रेवेमध्ये हा सगळा चमू सीटखाली बांधलेला असतो.

एके काळी टूर द फ्रान्समध्येही नियम असाच, किंबहुना याहून कडक होता. १९१३ मध्ये युजीन क्रिस्तोफ या फ्रेंच सायकलपटूच्या सायकलचा पुढचा फोर्क तूरमाले घाट उतरताना मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरहून जास्त चालत खालच्या गावात आला आणि लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतः फोर्क जोडला. शर्यतीचा पंच शेजारी उभा राहून पाहत होता. एका मुलाने भाता ओढला, म्हणून त्याला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो कमी करण्यात आला. क्रिस्तोफने शर्यत पूर्ण केली, पण जिंकण्याची संधी त्या भट्टीवरच गेली.

पिशवीत न मावणारे

काही वस्तू पिशवीत ठेवूच नयेत. फोन, ओळखपत्र, सुट्या नोटा आणि घरच्या माणसाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी जर्सीच्या खिशात असावी. अपघातात सायकल एकीकडे आणि माणूस दुसरीकडे पडतो. फोनला कुलूप असते, म्हणून चिठ्ठी. तिच्यावर रक्तगट आणि मधुमेह किंवा औषधाची ॲलर्जी असल्यास तेही लिहावे. आणीबाणीसाठी ११२, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. सुट्या नोटा यासाठी की घाटमाथ्यावरच्या टपरीवर मोबाइलला रेंज नसली की फोनवरून पैसे देता येत नाहीत.

मार्च ते मे या महिन्यांत ओआरएसची दोन पाकिटे सोबत घ्यावीत. नुसते पाणी भरपूर पिऊनही घामातून गेलेले मीठ भरून येत नाही. अति पाणी आणि कमी मीठ यातून चक्कर, मळमळ आणि क्वचित त्याहून गंभीर त्रास होतो.

रात्रीच्या ब्रेवेमध्ये सायकलला घट्ट बसवलेले पुढचे व मागचे दिवे आणि अंगावर चमकणारे जाकीट सक्तीचे असते. मागचा दिवा लावताना सॅडलबॅग त्याच्या आड येत नाही ना, हे दहा पावले मागे जाऊन पाहावे. सीटच्या दांड्यावर लावलेला दिवा फुगलेल्या पिशवीने अर्धा झाकला जातो. स्वाराला ते कधीच दिसत नाही, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला मात्र दिवाच दिसत नाही.

पावसाळ्यात परत आल्यावर पिशवी उघडून वाळवावी. वरून कितीही जलरोधक म्हटली तरी मागचे चाक खालून पाणी उडवतच असते आणि दोन ओल्या स्वाऱ्यांनंतर मल्टिटूलच्या चाव्या गंजून एकमेकींत अडकतात. वापरलेली ट्यूब त्याच संध्याकाळी बदलावी. पंक्चर झालेली ट्यूब घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवली असेल, तर तिलाच गाठ मारून ठेवण्याची अनेकांची पद्धत असते, म्हणजे पुढच्या वेळी अंधारात ती नवी समजून चाकात घातली जात नाही.