शाळेतले पातेले

आमच्या शाळेच्या मागच्या पडवीत पातेले चुलीवर चढते, तेव्हा तिसरा तास चाललेला असतो. डाळीला फोडणी बसली की गुणाकाराकडे मुलांचे लक्ष राहत नाही. आणि खरे सांगायचे तर गुरुजींचेही राहत नाही.

ही गोष्ट २००४ सालची. मी नुकताच शिक्षक झालो होतो. चौथीतली एक मुलगी रोज ताटलीत खिचडी वाढून घेई, पाचसहा घास खाई आणि उरलेली गुपचूप दप्तरातल्या डब्यात भरी. मुलाने जेवायचे ते शाळेतच, अन्न घरी न्यायचे नाही, असा नियम होता. मी तिला हटकले. ती खाली मान घालून म्हणाली, "घरी ल्हाना भाऊ हाय, गुरुजी."

मी दुसरीकडे पाहू लागलो. दुसऱ्या दिवशी वाढणाऱ्या मावशींना तिच्या ताटलीत एक ओगराळे जास्त घालायला सांगितले. मला सुचले ते एवढेच.

पण त्या डब्याने मला एक प्रश्न घातला तो घातलाच. शाळेत शिजलेले अन्न कोणाचे? मुलाचे, की मुलाच्या घराचे? पुढे जे मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा कळले की आपल्या देशात हा प्रश्न शंभर वर्षे शिजतो आहे, आणि त्याची पहिली चूल मद्रासेत पेटली.

१९२० साली मद्रास नगरपालिकेचे अध्यक्ष सर पिट्टी त्यागराय चेट्टी होते. 'थाउजंड लाइट्स' नावाच्या वस्तीत पालिकेची एक शाळा होती. गोरगरिबांची मुले तिथे येत, पण टिकत नसत. पालिकेने ठराव केला, की या शाळेतल्या मुलांना दुपारचे खाणे द्यावे. खर्च मात्र दर मुलामागे रोज एका आण्याच्या वर जाऊ नये. एक आणा! तेवढ्यावरही सरकारची वक्रदृष्टी वळली. शिक्षणाच्या निधीतून खाण्यावर खर्च करता येणार नाही, अशी हरकत निघाली आणि १९२५ साली ही सोय काही काळ बंद पडली. फळा आणि खडू म्हणजे शिक्षण, इडली म्हणजे शिक्षण नव्हे, असा तो हिशेब. हिशेबनीसांची ही जात अजून नामशेष झालेली नाही.

याच सुमारास, याच मद्रास इलाख्यात, निलगिरीच्या डोंगरावर कुन्नूरला एक आयरिश डॉक्टर उंदरांना जेवू घालीत होता. रॉबर्ट मॅकॅरिसन त्याचे नाव. हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या लोकांची अंगकाठी इतकी वेगळी का, हे त्याला शोधायचे होते. त्याने उंदरांचे गट पाडले आणि एकेका गटाला एकेका समाजाचे जेवण दिले: शिखांचे, पठाणांचे, मराठ्यांचे, गुरख्यांचे, कानडी, बंगाली आणि मद्रासी. गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळी आणि ताज्या भाज्या खाणारे शिखांच्या पंगतीतले उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. पॉलिश केलेल्या तांदळावर राहिलेले मद्रासी पंगतीतले सर्वांत किरकोळ. आपले मराठी उंदीर पहिल्या तिघांत आले, हे दिवाळीच्या फराळाला बसलेल्या वाचकांच्या कानावर घालायला हरकत नाही. फुशारकीचे मात्र कारण नाही. त्या उंदरांना रोज पोटभर मिळत होते. आपल्या सगळ्या पोरांना ते कुठे मिळत होते? १९३७ साली त्याच कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून आणखी एक गोष्ट पुढे आली. वसतिगृहातल्या मुलांच्या भाताच्या जेवणाला साय काढलेल्या दुधाच्या भुकटीची रोज थोडी जोड दिली, तर मुले उंचीने आणि वजनाने अधिक वाढली. म्हणजे खुजेपण रक्तातून येते असे नाही, ते बरेचसे ताटातून येते, हे स्वातंत्र्याच्या दहा वर्षे आधीच शास्त्राने सांगून ठेवले होते.

शास्त्राने सांगितले म्हणून चूल पेटत नाही. ती पेटवायला के. कामराज यावे लागले. हा माणूस स्वतः लहानपणीच शाळा सोडून दुकानात कामाला लागलेला, आणि १९५४ साली मद्रासचा मुख्यमंत्री झालेला. त्यांची एक गोष्ट तमिळ मुलखात घरोघर सांगतात. दौऱ्यावर असताना त्यांना रस्त्यात गुरे राखणारा एक पोरगा भेटला. त्यांनी विचारले, "शाळेत का जात नाहीस रे?" पोराने उलट विचारले, "गेलो तर जेवायला तुम्ही घालणार का?" गोष्ट शब्दशः घडली असेल वा नसेल, पण १९५६ साली कामराजांनी शाळांतून दुपारचे जेवण सुरू केले, हा इतिहास आहे. खर्चाचा मोठा वाटा सरकारचा, उरलेला गावाचा. कुणी तांदूळ आणून द्यावा, कुणी भाजी, कुणी सरपण. सरकारच्या योजनेला गावाने शिधा द्यावा, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

१ जुलै १९८२ रोजी एम. जी. रामचंद्रन यांनी ही पंगत फार मोठी केली. शाळेतली मुले तर होतीच, शाळेत न जाणारी दोन वर्षांची पोरेही त्यांनी पानावर बसवली. सिनेमातल्या नटाचा हा मतांसाठी मांडलेला देखावा, अशी टीका झाली. पण बालपणी आपण उपाशी राहिलो, शेजारणीने दिलेल्या अन्नावर तगलो, हे ते उघड सांगत. आणि शिजवण्याच्या कामावर विधवा आणि निराधार बायकांना घेतले गेले. देखावा असेल तर तो पोट भरणारा होता. १९८९ पासून तिथल्या ताटात पंधरा दिवसांतून एक अंडेही पडू लागले.

महाराष्ट्रात आपण काय केले? १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने देशभरची योजना काढली, तेव्हा शिजवलेले अन्न द्यायचे ठरले होते. पण बहुतेक राज्यांनी चुलीचा व्याप टाळला. ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य दिले की काम भागले. आपल्याकडे तांदूळ मिळे. पोर ती पिशवी डोक्यावर घेऊन घरी जाई. घरात तोंडे सात. तीन किलोंतले पोराच्या पोटात किती गेले असतील, हा हिशेब चौथीचे गणित शिकवणाऱ्यालाही सुटायचा नाही. तांदूळ घराचा झाला, मुलाचा झाला नाही.

२८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब मोडला. प्रत्येक मुलाला शिजवलेले अन्नच द्या. निदान ३०० उष्मांकांचे, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनांचे, वर्षातून कमीत कमी २०० दिवस. एप्रिल २००४ मध्ये न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली: स्वयंपाकाच्या कामावर घेताना दलित आणि आदिवासी बायकांना प्राधान्य द्या. आपली मुले त्या हातचे खाणार नाहीत, असे म्हणणारे पालक निघाले. मुले मात्र एकमेकांच्या मांडीला मांडी लावून जेवली. भुकेपुढे सोवळे फार वेळ टिकत नाही. निदान पोरांचे तरी.

त्या डब्याकडे परत येतो. एक जुनी शंका होती, की शाळेत जेवण मिळते म्हटल्यावर आई घरच्या पानात हात आखडता घेईल. मग मुलाच्या पदरी अधिक काय पडले? नागपूरच्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात हे तपासले गेले आणि २०१० साली ते छापून आले. मुलांनी शाळेच्या दिवशी काय खाल्ले, सुटीच्या दिवशी काय खाल्ले, याची नोंद घेतली गेली. शाळेच्या दिवशी मुलाच्या पोटात जे जास्त गेले ते जवळजवळ सगळे जास्तच राहिले. घरच्यांनी त्याच्या वाट्याचे कापले नव्हते. गरिबाच्या घराविषयी आपण शहाण्यांनी किती वाईट अंदाज बांधलेला असतो!

आणि २०२१ साली त्याहून मोठे काही बाहेर आले. देशभरच्या पाहण्यांची आकडेवारी जुळवून संशोधकांनी दाखवले, की ज्या मुलींना लहानपणी शाळेत हे जेवण मिळाले, त्या आई झाल्यावर त्यांची मुले इतरांच्या मुलांपेक्षा कमी खुजी निघाली. फरक गरीब घरांत जास्त दिसला. त्या मुली अधिक शिकल्या, त्यांना मुले उशिरा आणि थोडी झाली, गरोदरपणी त्या दवाखान्यात गेल्या, अशी कारणे त्यात गुंतलेली आहेत. म्हणजे शाळेच्या पडवीतले ते अन्न शेवटी घरी पोचलेच; फक्त वीस वर्षांची वाट चालून पोचले.

हे वाचले तेव्हा मला सोमवार आठवला. सोमवारी आमचे पातेले लवकर रिकामे होते. शनिवार दुपारपासून सोमवार दुपारपर्यंतची भूक त्या एका पंगतीत बसलेली असते. दिवाळीच्या सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी तर मावशी मला न विचारताच दोन वाट्या तांदूळ जास्त टाकतात.

गेल्या जूनमध्ये ती मुलगी शाळेत आली. आता तिशीची बाई. मुलाला पहिलीत घालायचे होते. मी ओळखले नाही; तिनेच सांगितले, "गुरुजी, मी डब्यावाली." धाकटा भाऊ आता ट्रक चालवतो म्हणाली. दाखल्याच्या कागदावर तिने स्वतः सही केली, तिच्या आईचा आम्ही अंगठा घेतला होता.

आमच्याकडे प्रार्थनेच्या रांगा उंचीप्रमाणे लावतात, बुटके पुढे. ती आपल्या वेळी चौथीच्या रांगेत सर्वांत पुढे असे. तिच्या मुलाला पहिल्या दिवशी मी रांगेत उभा करू लागलो, आणि एकेका पोराशी खांदा जुळवत त्याला मागे मागे नेत राहिलो. तो शेवटून तिसरा उभा राहतो.