छप्पर, निस्तार आणि पंचाहत्तर वर्षे

घराच्या छपरालाही इतिहास असतो, ही गोष्ट आपल्या इतिहासकारांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. गढ्या, वाडे आणि देवळांची शिखरे यांवर त्यांनी भरपूर शाई खर्च केली. चांद्याच्या गोंड राजांच्या परकोटाबद्दलही पुष्कळ लिहिले गेले. पण परकोटाच्या आडोशाला आणि त्यापलीकडच्या जंगलपट्टीत जी माणसे राहिली, त्यांच्या डोक्यावर काय होते? ते दरसाल कोण दुरुस्त करीत असे? त्यासाठी लागणारा बांबू कोणाच्या परवानगीने येत असे? वनहक्काच्या दाव्यांची कागदपत्रे जमविताना हे प्रश्न माझ्यापुढे उभे राहिले, आणि मला वाटते, ते केवळ घरदुरुस्तीचे प्रश्न नाहीत.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे कौलाला कवेलू म्हणतात. कुंभार चाकावर मातीची नळी काढतो, ती ओली असतानाच उभी चिरून तिचे दोन भाग करतो आणि भाजतो. छपरावर एक ओळ उताणी, तिच्या सांध्यावर दुसरी पालथी. खिळा नाही, चुना नाही. कवेलू आपल्या वजनावर बसलेले असते. म्हणून ते हलते. वानरे उड्या मारतात, वावटळ येते, पालापाचोळा साचून पन्हळ तुंबते आणि पाणी घरात उतरते. त्यासाठी अक्षय तृतीयेनंतर आणि मृगाच्या आत कवेलू फेरावे लागतात. सगळे उतरवायचे, झटकायचे, फुटके वेगळे काढायचे. उघड्या पडलेल्या वाशांना उधई लागली आहे का पाहायचे. कुजलेल्या कामट्या बदलून पुन्हा बांधायच्या. मग वळचणीपासून आढ्याकडे कवेलू रचीत जायचे. एक जण वर, एक शिडीवर, दोघे खाली. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे. बांबूची तयारी तर त्याच्याही आधी करावी लागते, कारण थंडीत तोडलेला जून बांबू कमी किडतो. आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. ज्या पंधरवड्यात घर फेरायचे, त्याच पंधरवड्यात पहाटे उठून पाने तोडायला जायचे, कारण त्याच पैशातून नवे कवेलू घ्यायचे असतात.

हे सगळे ज्यांच्या घरावर कवेलू होते त्यांचे. गवताच्या छपराची कथा निराळी. बाबासाहेबांनी अस्पृश्यांवर लादलेल्या गावकायद्याची जी जंत्री इंग्रजीत लिहून ठेवली, त्यात अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हा गुन्हा मानला जाई, अशी स्पष्ट नोंद आहे. हे लिखाण त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात ते १९८९ साली आले. वाचणारे ही नोंद अपमानाची एक तऱ्हा म्हणून वाचतात आणि पुढे जातात. मी जरा थांबतो. गवत एकदोन पावसाळ्यांत कुजते, ठिणगी पडली की पेटते. कवेलू नीट फेरले तर वर्षानुवर्षे टिकते. म्हणजे कवेलूवरची बंदी हा नुसता मानापमानाचा मामला नव्हता. तो अस्पृश्याच्या श्रमावर दरसाल बसविलेला कर होता. ज्याला मालगुजाराची बेगार आधी उरकायची आहे, त्याच्याच घराला दर उन्हाळ्यात नवे गवत लागावे, अशी ही व्यवस्था. बेगारीच्या आठवणी सांगणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडी एकच क्रम येतो: आधी मालकाचे घर, मग मालकाचा गोठा, आणि ढग जमले की आपले. मालकाचा गोठासुद्धा आपल्या आधी, हे सांगताना ते हसतात. मला हसू येत नाही.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. गावकीची कामे आणि बेगार नाकारण्याला त्यामुळे मोठे बळ आले. पण छपराला लागणारा बांबू, बल्ली आणि गवत जंगलातच होते, आणि जंगल तोवर सरकारचे झाले होते.

इथे निस्तार हा शब्द समजून घेतला पाहिजे. विदर्भाबाहेरच्या वाचकाला तो अपरिचित असेल. सरपण, चराई, नांगराचे लाकूड, घरदुरुस्तीचा बांबू अशा घरगुती गरजा गावच्या जंगलातून भागविणे म्हणजे निस्तार. १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव होत गेली. मालगुजारी गावांत निस्ताराची वहिवाट वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात लिहिली जाई. १९५१ साली मालगुजारी गेली, त्यांची जंगले सरकारजमा झाली, आणि वहिवाट निस्तार पत्रकात आली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १६१ व १६५ मध्ये हे दोन्ही दस्तऐवज आजही आहेत. कागदावर हक्क होता. प्रत्यक्षात १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीला दीर्घ मुदतीच्या करारांनी इथला बांबू मिळत राहिला, आणि बांबूवर पोट असलेला बुरूड, जो अनुसूचित जातीतला आहे, तो परवान्यासाठी हात जोडून उभा राहिला. २०२३ साली बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागाचे लाकूड वाजतगाजत निघाले. त्याच जिल्ह्यात एका वाशासाठी माणसाला चोर ठरविता येते, याची मिरवणूक कोणी काढली नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने चित्र बदलले. कलम ३(१)(ख) मध्ये निस्तार हा सामूहिक हक्क म्हणून नाव घेऊन आला. जमीनदारी काळातली वहिवाटही त्यात धरली आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. हा मोठा विजय आहे आणि तो आदिवासी बांधवांच्या लढ्याचा आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण याच कायद्यात आपल्यासाठी एक अट आहे. जो अनुसूचित जमातीचा नाही, त्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, इथला रहिवास आणि जंगलावरची उपजीविका सिद्ध करावी. महार, बुरूड, मादगी, नेतकानी, सगळे या अटीखाली येतात. १९३० साली ज्याला गवताखेरीज छप्पर घालू दिले नाही, त्याच्या नातवाकडे १९३० चा कागद मागायचा!

कागद नाही म्हणून दावे मागे घेणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. त्यांनी २००८ च्या नियमांतला नियम १३ वाचावा. त्यात पुराव्यांमध्ये गॅझेटियर, जनगणना आणि बंदोबस्ताचे अहवाल आहेत. म्हणजे ल्यूसी स्मिथ यांचा चांद्याचा १८६९ चा अहवाल आणि १९०९ चे जिल्हा गॅझेटियर आपल्याही कामाचे आहे. घर, झोपडी यांसारख्या प्रत्यक्ष खुणा आहेत. आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब आहेत.

हे काम आता घाईचे झाले आहे, कारण छपरे बदलत आहेत. १९८५ ची इंदिरा आवास योजना, २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना, आपल्यासाठी रमाई आवास. सिमेंटचा स्लॅब मिळाला, याचे मला दुःख नाही. कुडाच्या घराचे गोडवे गाणाऱ्यांनी चांद्याच्या श्रावणात एक रात्र गळक्या छपराखाली काढावी. स्लॅबलाही मृगाआधी पन्हाळ्याचे तोंड मोकळे करणे, भेगा बुजविणे लागतेच. अपुऱ्या अनुदानात घातलेला स्लॅब फार लवकर पाझरू लागतो. पण घरकुलासाठी जुने घर पाडताना आपण वासे सरपणात घालतो आणि कवेलू खड्ड्यात टाकतो. पाडण्याआधी फोटो घ्यावा. घर कोणी बांधले, आढ्याचे लाकूड कोणत्या जंगलातले, बांबू कोठून आणीत, हे ग्रामसभेच्या दाव्यासोबत लिहून जोडावे.

जबाब कोणाचा घ्यायचा, हे विचारण्यासाठी दूर जावे लागत नाही. घर फेरताना शिडीवर कोण असे, खालून कवेलू कोण देत असे, एवढे विचारले की शेजारच्या म्हाताऱ्याचे नाव निघते. तो दावेदार नसतो; त्याचा जबाब चालतो. पुष्कळदा तो आदिवासी असतो, आणि त्याच्या घराच्या छपरावर आपला आजा चढलेला असतो.