घडीच्या कागदाचा इतिहास आणि शुक्रवारचे दोन तास

संपादक मंडळाने शाळेची एखादी आठवण लिहायला सांगितली होती. आठवण आहेच, पण तिच्यामागे बराच इतिहास निघाला, म्हणून लेख थोडा वळणाने जाईल. सांभाळून घ्या.

नववीत शुक्रवारचे शेवटचे दोन तास चित्रकलेचे असायचे. सहामाहीच्या तोंडावर विज्ञानाचे दोन धडे राहिले होते. तेव्हा चित्रकलेचे तास विज्ञानाला मिळावेत म्हणून वर्गाची मॉनिटर या नात्याने सरांकडे मीच गेले होते. कुणी पाठवलं नव्हतं, माझीच हुशारी. सर घोटीव कागदांचे चौकोन कापून घेऊन बसले होते. त्यांनी ते कपाटात ठेवले आणि ‘घ्या’ एवढंच म्हणाले. पुढे वर्षभर ते तास कधी विज्ञानाला गेले, कधी गणिताला. आपल्याला परत मिळाले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘ब’ तुकडीतल्या एका मैत्रिणीने तिच्या जुन्या वहीचा फोटो टाकला. त्यात घडी घातलेला एक लाल कागद चिकटवलेला होता आणि खाली सरांच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘समभुज. कंपास नको.’ म्हणजे सर त्या शुक्रवारी भूमिती शिकवणार होते आणि मी त्यांचा तास विज्ञानासाठी मागून घेतला होता. त्या रात्री मी घडीच्या कागदाचा इतिहास शोधायला बसले.

तो जाऊन पोचतो फ्रीडरिख फ्रबेल या जर्मन शिक्षकापर्यंत. बालवाडीचा, म्हणजे ‘किंडरगार्टन’चा जनक म्हणून त्याचं नाव बी.एड. केलेल्या आपल्या बाईंना तोंडपाठ असेल. पण तो आधी बर्लिनच्या खनिज-संग्रहालयात काम करत होता, वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली, हे मला माहीत नव्हतं. रोज स्फटिकांचे कोन आणि पैलू बघणाऱ्या माणसाने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली आणि त्यांच्या हातात चेंडू, घनाकृती ठोकळे, पुढे घडीचे कागद दिले. एकाच साहित्यातून तीन प्रकारच्या रचना व्हाव्यात, असं त्याचं म्हणणं : रोजच्या जगण्यातल्या वस्तूंच्या, सौंदर्याच्या आणि ज्ञानाच्या. म्हणजे तेच ठोकळे आधी खुर्ची होतात, मग नक्षी, मग गणित. चित्रकलेचं कपाट वेगळं आणि प्रयोगशाळेचं वेगळं, ही वाटणी त्याच्या डोक्यातच नव्हती. प्रशियाच्या सरकारला मात्र यात धोका दिसला. १८५१ मध्ये त्यांनी बालवाड्यांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रबेल वारला, आणि बंदी उठायला १८६० उजाडलं.

आता आपल्याकडे येऊ. १८९३ साली मद्रासला टी. सुंदरराव यांचं कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक निघालं. किंडरगार्टनच्या आठव्या ‘भेटी’वरून, म्हणजे रंगीत चौकोनी कागदांच्या संचावरून, कल्पना सुचल्याचं त्यांनी प्रस्तावनेतच सांगितलं आहे. फेलिक्स क्लाइन या मोठ्या जर्मन गणितज्ञाने त्याचा उल्लेख केला, तो वाचून दोन अमेरिकन प्राध्यापकांनी ते मिळवलं आणि १९०१ मध्ये अमेरिकेत छापलं. ते आजही वाचलं जातं. आपल्या पाठ्यपुस्तकांत मला ते कधी भेटलं नाही.

‘ब’ तुकडीच्या वहीतला त्रिकोण त्या पुस्तकात सुरुवातीलाच आहे. जवळ कागद असेल तर करून बघा. चौकोन उभा मधोमध दुमडून उलगडा, मधली रेघ मिळेल. आता खालचा उजवा कोपरा उचलून त्या रेघेवर टेकवा, पण घडी खालच्या डाव्या कोपऱ्यातूनच गेली पाहिजे. कोपरा टेकला तिथे टिंब द्या आणि कागद उलगडा. टिंबापासून खालच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत रेघा काढा. झाला समभुज त्रिकोण. सिद्धता वेगळी लिहायची गरज नाही, कारण खालची बाजूच उचलून तिरकी ठेवली आहे, तिची लांबी बदलणार कशी? आणि टिंब मधल्या रेघेवर असल्याने तिसरी बाजूही तेवढीच. शिवाय मुख्य घडीने डाव्या कोपऱ्यातल्या ६० अंशांचे दोन सारखे भाग केलेले असतात, ते वेगळंच.

माझ्या व्यवसायाच्या भाषेत हा चार ओळींचा प्रोग्रॅम आहे. चूक दुसऱ्या पायरीला होते, कळते चौथीला, आणि डिबगिंग म्हणजे कागद उलगडणं.

एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रबेलने संस्था काढली त्याच १८३७ साली पिएर वांझेल या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं की कोणत्याही दिलेल्या कोनाचे तीन समान भाग फक्त कंपास आणि पट्टीने करता येत नाहीत. पण १९३६ मध्ये मार्गेरिता बेलोक या इटालियन गणितज्ञ बाईंनी दाखवलं की कागदाच्या घडीने तिसऱ्या घाताची समीकरणं सुटतात. म्हणजे कोनाचे तीन भागही होतात. बालवाडीतला कागद कंपासपेटीच्या पुढे गेला!

पुण्यात ‘आयुका’च्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिच्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’, सप्तर्षींतला एक तारा, आणि त्यात आपले पु. ल.ही आलेच. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता यांनी तिथे बरीच वर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी केली. त्यांच्या काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे सांगाडे मी आमच्या सोसायटीत रविवारी मुलांकडून करून घेते. चौकोन लचकतो, त्रिकोण लचकत नाही. गेल्या महिन्यात एका सात वर्षांच्या मुलीने न सांगता चौकोनाला कर्ण लावला आणि मग त्या सांगाड्यावर पतंगाचा कागद चिकटवून आकाशकंदील केला. हे चित्रकलेत धरायचं की विज्ञानात, असं तिच्या आईने मला विचारलं.

सर, संमेलनाला तुम्ही येणार आहात असं कळलं. कार्यक्रमपत्रिकेत जेवणानंतरचे दोन तास रिकामे दिसतील. ते मी आयोजकांकडून मागून घेतले आहेत. घोटीव कागद मी आणते आहे, चौकोन कापलेले.